तळ्यावरचं काठमांडू: भूकंपात तिथली माती नेमकं काय करते

आमच्या नात्यात दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी पशुपतिनाथाला जाऊन येतं, मग रुद्राक्ष, प्रसाद आणि "काय ते ट्रॅफिक बाई" या तीन गोष्टी घरी पोचतात. मी मात्र माती तपासणीच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे पहिल्यांदा विमानातून खाली बघितलं तेव्हा देवाआधी डोक्यात भलताच प्रश्न आला, की चारी बाजूंनी एवढे उभे डोंगर आणि मधेच ही पोळपाटासारखी सपाट जागा कशी काय? आमच्यात सपाट जमीन दिसली की लोक खूश होतात आणि आम्ही आधी संशय घेतो. डोंगरात सपाटी आपोआप होत नाही, कशाने तरी ती भरलेली असते.

काठमांडूची भरलीय तळ्याने. तिथली गोष्ट अशी सांगतात की पूर्वी सगळं खोरं पाण्याखाली होतं, मंजुश्री नावाचा बोधिसत्त्व आला, त्याने तलवारीने चोभारचा डोंगर कापला आणि पाणी निघून गेलं. आपल्याकडे परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण काढलं म्हणतात, तसलीच. गंमत म्हणजे भूगर्भवाल्यांचं म्हणणं पण फार वेगळं नाही, तलवार सोडली तर. तिथे खरंच लाखो वर्षं मोठं तळं होतं, आजूबाजूच्या डोंगरातून नद्या गाळ आणत होत्या आणि तो तळाशी बसत होता, आणि ते तळं शेवटी रिकामं झालं ते साधारण गेल्या १०-१२ हजार वर्षांतलं. बागमती आजही चोभारच्या त्याच खिंडीतून खोऱ्याबाहेर पडते.

आता हा गाळ किती असेल? मधल्या भागात ५०० मीटरपेक्षा जास्त. मुंबईतला ५० मजली टॉवर दीड-दोनशे मीटरचा धरा, तसे तीन एकावर एक उभे करून गाडले तर कुठे खालचा खडक लागेल. आणि तो खडकही परातीच्या बुडासारखा गुळगुळीत नाही बरं का, स्वयंभू, कीर्तिपूर, चोभार या टेकड्या म्हणजे त्या बुडाची वर आलेली टोकंच आहेत. म्हणजे एकाचं घर खडकावर आणि थोड्या अंतरावर दुसऱ्याचं शेकडो मीटर गाळावर, दोघांचा पिन कोड एकच म्हणा ना.

या गाळाच्या एका थराला नाव आहे कालीमाटी. शहरात त्या नावाची वस्तीपण आहे, मोठा भाजीबाजार आहे तिथे. मराठी माणसाला वाटेल, अरे काळी माती, ही तर आपलीच. नाही, नावात फसू नका. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिचा त्रास वेगळा, घराच्या भिंती तिरक्या तडकतात तो. काठमांडूची काळी माती म्हणजे तळ्याच्या बुडाशी शांतपणे बसलेला बारीक चिखल, त्यात सूक्ष्म शेवाळांची कवचं, सडलेला पालापाचोळा, म्हणून तर काळी, आणि म्हणूनच तिथल्या खोल विहिरींच्या पाण्यात मिथेन सापडतो. तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ही माती खणून खत म्हणून शेतात टाकायचे. शेताला अमृत, पण घराच्या पायाखाली नको अशी ती चीज आहे.

हे हात लावल्याशिवाय कळत नाही. काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरकडच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाच्या प्लॉटवर माती तपासणीचा बोअर चालू होता तेव्हा मी उभा होतो. पद्धत आपल्यासारखीच: तीन पायांची तिकटी, वर कप्पी, दोर, आणि ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा. खाली रॉडच्या टोकाला पोकळ नळी असते, ती मातीत ४५ सेंटिमीटर ठोकायची, पहिले १५ सोडून द्यायचे आणि पुढच्या ३० ला किती ठोके लागले ते मोजायचं. त्या आकड्याला सगळे एन म्हणतात, सॉइल रिपोर्टमधली सगळी पुढची आकडेमोड बहुतेक वेळा याच्यावरच उभी असते. आमच्या पुण्यात घट्ट मुरूम लागला की ५० ठोके मारूनही नळी हलत नाही आणि पोरं दमून "साहेब, रिफ्यूजल लिहा" म्हणतात. तिथे ९ मीटरवर हातोडा पडला, धप्प असा आवाज, आणि नळी वीतभर आत. दुसरा ठोका, परत वीतभर. मोजणाऱ्या पोराने दोन म्हटलं आणि संपलं. पुढच्या दीड मीटरवर तर रॉडच्या स्वतःच्या वजनानेच नळी थोडी उतरली, ठोका मारायच्या आधीच!

नळी उघडली. आत काळपट करडी माती, ओली, सुरीने कापली तर चक्क्यासारखा चकचकीत काप, आणि वास डबक्याचा. बोटांत घेऊन जरा चोळली तर जी आत्ता आकार धरून उभी होती ती लिबलिबीत झाली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. तळ्यात शांतपणे बसलेल्या चिखलाचे कण एकमेकांना पत्त्यांच्या बंगल्यासारखे टेकून असतात, मधे भरपूर पाणी, जोवर हलवत नाही तोवर ठीक, एकदा हलवलं की बंगला पडतो आणि उरतं पाणी.

आता भूकंप. खडकात भूकंपाची लाट सुसाट पळते, सेकंदाला किलोमीटरच्या हिशोबात. तीच लाट मऊ गाळात शिरली की तिचा वेग एकदम पडतो, वरच्या मऊ थरात सेकंदाला दीड-दोनशे मीटरवर येतो. एक्स्प्रेसवेवरून शंभरने येणाऱ्या गाड्या अमृतांजनच्या चढाला लागल्या की काय होतं? मागच्या येतच राहतात, पुढच्या रखडतात, आणि गर्दी साठते. लाटेचंही तसंच, वेग कमी झाला पण आतली ताकद कुठे जाणार, म्हणून हेलकावा मोठा होतो. वर हे खोरं चारी बाजूंनी खडकाने बंद, त्यामुळे लाट आत शिरते आणि कडांवर आपटून परत येते, भरलेलं पातेलं उचलताना हिंदकळलं की पातेलं खाली ठेवलं तरी पाणी बराच वेळ डुचमळत राहतं ना, तसं. म्हणून खडकावरचा माणूस म्हणतो भूकंप थांबला आणि गाळावरचा म्हणतो कुठे थांबला.

पण मोठा हेलकावा एवढंच असतं तर सोपं होतं, मग म्हटलं असतं की मऊ माती वाईट, कडक चांगली, विषय संपला. खरी मेख आहे लयीत. झोक्यावर पोराला बसवून ढकलताना तुम्ही वाटेल तेव्हा ढकलत नाही, झोका मागे येऊन परत निघाला की नेमका तेव्हा हलका धक्का देता आणि तेवढ्यावर तो उंच जातो. चुकीच्या वेळी जोर लावला तर झोका उलट थांबतो. प्रत्येक बिल्डिंगला पण असा स्वतःचा झोका असतो, म्हणजे एकदा हलवून सोडली तर एक पूर्ण फेरी घ्यायला तिला ठरावीक वेळ लागतो. ढोबळ हिशोब असा की मजले भागिले दहा, तेवढे सेकंद. तीन मजली घर ०.३ सेकंद, दहा मजली एक सेकंद, असं. हा अगदी कच्चा हिशोब आहे, स्ट्रक्चरलवाले मित्र मला शिव्या घालतील, पण समजायला पुरतो.

आणि जमिनीचापण झोका असतो. मऊ थराची जाडी घ्या, तिला चारने गुणा, लाटेच्या वेगाने भागा. ३० मीटर जाडीचा थर आणि वेग १५० धरला तर ०.८ सेकंद, म्हणजे आठ मजल्याच्या बिल्डिंगची लय. आता आख्खं खोरं एकच थर समजा, ५०० मीटर जाड, आणि खाली जाता जाता माती घट्ट होत जाते म्हणून सरासरी वेग जरा जास्त, ४५० धरू. दोन हजार भागिले ४५०, साडेचार सेकंदाच्या आसपास. हा आकडा मी आत्ता कागदावर काढला, पण २५ एप्रिल २०१५ ला काठमांडूतल्या यंत्रांनी नेमकं हेच लिहून ठेवलंय.

तो शनिवार होता, नेपाळात शनिवारी सुट्टी, शाळा बंद, ११ वाजून ५६ मिनिटं झालेली, बरीच माणसं बाहेर, नाहीतर शाळांमध्ये काय झालं असतं विचार करवत नाही. ७.८ चा भूकंप गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ सुरू झाला, काठमांडूच्या वायव्येला ८० किलोमीटरच्या आसपास, आणि जमिनीखालची ती फाट पूर्वेकडे दीडशे-एक किलोमीटर उलगडत गेली, काठमांडूच्या उत्तरेकडून, खालून. आख्खं खोरं काही सेकंदांत जवळपास मीटरभर वर उचललं गेलं आणि दक्षिणेकडे मीटरपेक्षा जास्त सरकलं. देशभरात जवळपास ९,००० माणसं गेली, पाच लाखांच्या आसपास घरं पूर्ण पडली, त्यातली बहुतेक डोंगरातली दगड-मातीची, सिंधुपाल्चोक आणि गोरखाकडची. आपल्या किल्लारीला १९९३ मध्ये जे झालं तेच, जाड दगडी भिंती, चिखलाचा जोड, आणि डोक्यावर मातीचं ओझं.

आता शहरात बघा. इतक्या वर्षांपासून सगळे म्हणत होते की काठमांडूला एवढा मोठा भूकंप आला तर आख्खं शहर झोपेल. नाही झोपलं. जुनी विटामातीची घरं पडली, देवळं पडली, धरहरा नावाचा जुना मनोरा बुंध्यापर्यंत कोसळला, गोंगबू-बालाजू-सीतापाइला पट्ट्यात पिलरची घरं पडली, पण चार-पाच मजली साध्या पिलर सिस्टिमच्या, धड इंजिनिअर न लावता बांधलेल्या हजारो बिल्डिंग उभ्याच राहिल्या. का? त्या मजबूत होत्या म्हणून? अजिबात नाही! जमीन हलत होती चार-पाच सेकंदांच्या लयीत, बोटीसारखी, संथ. तीन-चार मजली घराचा झोका ०.३-०.४ सेकंदांचा, त्याच्यासाठी तो धक्का इतका हळू होता की जमीन जाईल तिकडे घर तिच्याबरोबर आख्खं गेलं आणि परत आलं. त्या यंत्रांवर जमिनीचा जास्तीत जास्त धक्का भरला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १६ टक्के, एवढ्या मोठ्या आणि एवढ्या जवळच्या भूकंपाला हे कमीच. ती फाट सरकली पण झटक्याने नाही, जराशी सावकाश, त्यामुळे बारीक जलद कंपन मुळातच कमी होतं, आणि जे होतं त्यातलं काही मऊ गाळाने गादीसारखं खाऊन टाकलं. उलट चौदा-पंधरा मजली अपार्टमेंटमध्ये विटांच्या भिंतींना फुल्यांच्या आकाराच्या तडा गेल्या, लोक महिनोन्‌महिने परत राहायला गेले नाहीत.

मला तिथे सगळ्यात जास्त भीती वाटली ती याचीच. ज्याचं घर वाचलं तो प्रत्येक माणूस सांगतो, "आमचं घर पास झालं, सात पॉइंट आठ झेललंय." म्हणजे परीक्षेला गणिताचा पेपर येणार म्हणून घाबरलेला पोरगा, आला चित्रकलेचा, आणि हा म्हणतो मला गणित येतं. पुढचा भूकंप कुठून येईल, त्याची लय काय असेल, हे कोणी सांगू शकत नाही. जवळच्या फाटेवर ६.५ चा जरी झटक्याने आला तरी त्यात ०.३-०.५ सेकंदाचं जलद कंपन भरपूर असू शकतं, आणि मग तो पेपर याच तीन-चार मजली घरांचा. आणि भूकंप येणार का हा प्रश्नच नाही, भारताचा भूभाग वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर हिमालयाखाली घुसतोय, ते कुठेतरी साठतंय. १२५५ च्या भूकंपात काठमांडूचा राजा अभय मल्ल स्वतः गेला, नंतर १८३३, मग १५ जानेवारी १९३४ चा आठचा, आणि मग २०१५. गोरखाच्याही पलीकडे, पश्चिम नेपाळात, तर १५०५ नंतर तेवढा मोठा झालेलाच नाही.

लय जुळली तर काय होतं हे बघायचं असेल तर मेक्सिको सिटी. तेही तळ्यावर बसलेलं शहर, तेही डोंगरांच्या वाटीत. १९ सप्टेंबर १९८५, आठचा भूकंप, आणि तो झाला समुद्रकिनाऱ्यावर, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरपेक्षा लांब. एवढ्या अंतरावर खरं तर झुंबर हलावं आणि विषय संपावा. पण तिथल्या तळ्याच्या चिखलाची लय होती दोन सेकंदांच्या आसपास, आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या बिल्डिंग धडाधड कोसळल्या, हजारो लोक गेले, आणि त्यांच्या शेजारची बुटकी जुनी घरं आणि एक ४४ मजली टॉवर दोघंही उभे. तुम्ही म्हणाल दहा-बारा मजल्यांचा झोका तर एक-सव्वा सेकंद झाला, दोनशी कसा जुळला? तर हलता हलता कॉलम तडकतात, बिल्डिंग ढिली पडते, ढिली पडली की तिचा झोका लांबतो, आणि लांबत लांबत ती नेमकी जमिनीच्या लयीत जाऊन बसते. तो ४४ मजल्यांचा मात्र मुळातच दोनच्या बराच पलीकडे होता. त्याचं नाव तोरे लातिनोअमेरिकाना, १९५६ मध्ये पुरा झाला, आणि त्याच्या पायाकडे आपण परत येऊ.

आतापर्यंत माती फक्त हलवत होती. पण ती स्वतः मोडूही शकते. काठमांडूतून भक्तपूरकडे जाणाऱ्या अरनिको हायवेवर लोकंथली नावाची जागा आहे, तिथे २०१५ ला रस्ताच फाटला, एक बाजू दुसरीपेक्षा माणसाच्या कमरेएवढी खाली गेली, आजूबाजूची घरं कलली. डोंगर नाही, कडा नाही, साधा मंद उतार. तिथे खालची मऊ चिकणमाती झटके खाऊन खाऊन ढिली पडली आणि वरचा थर उताराकडे घसरला. नळीतली माती बोटांनी चोळल्यावर जे झालं होतं तेच, फक्त आख्ख्या रस्त्याखाली.

वाळूचं वेगळं. खोऱ्याच्या उत्तरेकडे आणि नद्यांच्या काठाने चिखलापेक्षा वाळू जास्त, आणि ओल्या वाळूला लागतो तो रोग म्हणजे वाळूचा रस्सा होणं, इंजिनिअर लिक्विफॅक्शन म्हणतात. गणपतीपुळ्याला किंवा कुठेही लाट नुकती परत गेलेल्या ओल्या वाळूवर उभं राहा, छान घट्ट लागते. आता त्याच जागी पाय भराभर आपटा, मिनिटभरात वाळू चकाकते, पाणी वर येतं आणि टाच आत जाते. वाळूचे कण एकमेकांवर टेकून वजन पेलत असतात, हलवलं की ते आणखी जवळ बसायला बघतात, पण मधे पाणी अडकलंय, त्याला निघायला वेळ नाही, म्हणून सगळं वजन पाण्यावर येतं, आणि पाण्यावर घर उभं राहत नाही. जपानात निगाताला १९६४ मध्ये चार मजली अपार्टमेंट आख्ख्याच्या आख्ख्या आडव्या झाल्या होत्या, फारशा न तुटता, कोणीतरी हळूच कुशीवर निजवल्यासारख्या. १९३४ ला बिहारात तर शेकडो किलोमीटरचा पट्टा असा खचला, शेतातून वाळूचे कारंजे उडाले.

मग २०१५ ला काठमांडूत वाळूचा रस्सा फार ठिकाणी का नाही झाला? झाला काही ठिकाणी, पण थोडा. एक कारण एप्रिल. पावसाळ्याच्या आधीचे दिवस, भूजल खाली गेलेलं, त्यात शहर वर्षानुवर्षं बोअरने पाणी उपसतंय. म्हणजे वरची वाळू बऱ्यापैकी कोरडी. तोच भूकंप भाद्रपदात झाला असता तर हा परिच्छेद मला वेगळा लिहावा लागला असता. आणि १८३३ चा ऑगस्टमध्येच झाला होता, सहज सांगतो.

खोऱ्यातल्या मूळच्या रहिवाशांना, म्हणजे जुन्या नेवार लोकांना, यातलं काही गणित येत नव्हतं, पण त्यांच्या वस्त्या बघा, सगळ्या उंचवट्यावर. खालची नदीकाठची जमीन भातासाठी राखलेली, कारण ती सुपीक. शहर वाढलं तसं प्लॉट पडले ते नेमके त्या भाताच्या खाचरांत, बागमती, विष्णुमती, मनोहराच्या काठाने, वर चार ट्रक भराव टाकून. पुणे-नाशिकला ओढे-नाले बुजवून जे चाललंय त्याची आठवण आली ना? मलापण आली.

तर मग बांधायचं कसं. पहिली गोष्ट म्हणजे बोअर, आणि एक नाही, प्लॉटच्या किमान दोन-तीन कोपऱ्यांत, कारण जुन्या नदीचं पात्र प्लॉटच्या मधूनच गेलेलं असू शकतं, अर्धं घर वाळूवर आणि अर्धं चिखलावर. छोट्या घराला लोक म्हणतात एवढा खर्च कशाला, शेजाऱ्याचा रिपोर्ट आहे की. (आमच्या इकडेपण एका बिल्डरने मला एकदा सरळ विचारलं होतं, बोअर न मारता रिपोर्ट तेवढा मिळेल का, माती तर सगळी सारखीच असते. आमचं ते काम गेलं.) लाटेचा मातीतला वेगपण मोजता येतो, जमिनीवर एका ओळीत छोटे सेन्सर लावायचे, लोखंडी पाटीवर घण मारायचा आणि लाट कुठे कधी पोचली ते बघायचं, अर्ध्या दिवसाचं काम.

मग पाया. आपल्याकडे खणत जायचं, मुरूम किंवा खडक लागला की फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा चौथरा, टाकायचं, सवय झालीये. काठमांडूच्या मधल्या भागात खडकाची वाट बघितली तर नातवंडं पण बघत बसतील. त्यामुळे सुट्या फुटिंगवर सुटे कॉलम ही पद्धत तिथे सगळ्यात वाईट, भूकंपात प्रत्येक फुटिंग आपापल्या मर्जीने खचतं आणि कॉलम एकमेकांपासून पळायला बघतात. निदान सगळी फुटिंगं खालून बीमने एकमेकांना बांधा, बैलांना जू घालतात तसं. त्याहून बरं म्हणजे राफ्ट, आख्ख्या घराखाली एकच जाड स्लॅब, म्हणजे खचलं तरी सगळं मिळून खचेल, ताट जसं चिखलावर बसतं तसं. वाळूच्या जागी दगडाचे खांब ठोकून माती दाबून घेतात, त्यातून पाणी पण निघून जायला वाट मिळते. मोठ्या बिल्डिंगला पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, पण ते खडकावर टेकत नाहीत, मातीला घासून धरून राहतात, म्हणून लांब आणि जास्त लागतात, आणि भूकंपात माती आडवी हलली की पाइलच्या मानेवर येतं, तिथे सळई कमी पडली की संपलं.

आणि आता तो मेक्सिकोचा टॉवर. त्यात एक युक्ती आहे जी मला फार आवडते. एक मजला साधारण चौरस मीटरला टनभर वजन देतो, आणि ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर. म्हणजे तीन मीटरचं तळघर खणलं तर चौरस मीटरमागे जवळपास पाच टन माती काढलीत, तेवढ्याच वजनाचे मजले त्या जागी आले तर खालच्या चिखलाला कळतसुद्धा नाही काही बदललंय, त्याच्या डोक्यावरचं ओझं तेच. बोट तरंगते ना, तसं घर तरंगवायचं. तोरेला हे आहे आणि वर ३६१ पाइलपण. पण काठमांडूत हे घरगुती लोकांनी करायला जाऊ नये, मऊ चिखलात तीन मीटरचा खड्डा नीट टेका न देता खणला की शेजाऱ्याची भिंत खड्ड्यात येते.

वरचं घर हा माझा विषय नाही म्हणून थोडक्यात. नऊ इंची कॉलम, खाली शटरची दुकानं म्हणजे भिंतीच नाहीत, वरचे मजले रस्त्याकडे बाहेर काढलेले. आपल्याकडे पार्किंगसाठी खालचा मजला पोकळ ठेवतात तेच, २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादमध्ये अशाच कितीतरी बिल्डिंग खालच्या मजल्यावर बसल्या, भूजच्या त्या भूकंपाचं केंद्र अडीचशे-एक किलोमीटर लांब असूनही, आणि तिथेही खाली साबरमतीचा गाळ. जुन्या नेवारी घरांची आणखी एक भानगड, भावाभावांत वाटणी झाली की घर उभं चिरतात, प्रत्येकाला एक उभी फोड, मग एक भाऊ आपल्या फोडीवर दोन मजले वाढवतो. एका खोलीएवढं रुंद आणि पाच मजले उंच, शेजारच्या भावाच्या भिंतीला टेकून. भाऊबंदकी कुठेही गेलात तरी पायाला धरूनच असते!

नेपाळात बिल्डिंग कोड आला तो १९८८ च्या, नेपाळातल्याच उदयपूर जिल्ह्यातल्या भूकंपानंतर, मसुदा १९९४ चा. २०१५ नंतर भूकंपाचा भाग नव्याने लिहिला, तो २०२० चा, आणि त्यात मातीचे चार गट केलेत, शेवटचा 'अति मऊ', जिथे लांब झोक्याच्या बिल्डिंगना जास्त जोर धरूनच डिझाइन करायचं. म्हणजे कागदावर कालीमाटीला तिची जागा मिळाली. पण तुमचा प्लॉट कुठल्या गटात बसतो हे ठरवायला परत तोच हातोडा आणि तीच नळी, नाहीतर इंजिनिअर मधला गट धरून मोकळा होतो.

ललितपूरच्या त्या प्लॉटचा रिपोर्ट आला, अति मऊच निघाला. आम्ही लिहून दिलं की राफ्ट घ्या, तीन मजल्यांवर जाऊ नका, आणि नदीकडच्या कोपऱ्यातली वाळू दाबून घ्या. मालक साधा माणूस, चहा पाजला, रिपोर्ट चाळला, पानं उलटीसुलटी केली. शेजारच्या घराच्या गच्चीवर कॉलमच्या सळया हातभर वर सोडलेल्या, गंजून लाल झालेल्या, पुढच्या मजल्याची वाट बघत, तशा तिथे दर तिसऱ्या गच्चीवर दिसतात, आपल्याकडेही दिसतातच. त्यांनी एकदा त्या सळयांकडे बघितलं आणि मला अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, राफ्ट करूच, पण चौथ्याच्या सळया आत्ताच वर सोडून ठेवल्या तर चालेल ना?"